दानत

लातूरचा माझा एक शाळासोबती दर रविवारी फोन करतो आणि फिरून फिरून एका वाक्यावर येतोच, "तिकडची माणसं बघ अन् आपली बघ. आपल्याकडं कुणाची दानतच राहिली नाही."

त्याला हे बोलायला खाद्य मीच पुरवलंय. इथे जर्मनीत आमच्या गावाबाहेर शेताच्या कडेला भोपळे मांडून ठेवलेले असतात. शेजारी भावाची पाटी आणि पैसे टाकायला पत्र्याची पेटी. राखणीला कुणी नाही. ट्राममध्ये चढताना तिकीट कुणी विचारत नाही. सगळं खरं आहे. फक्त विनातिकीट सापडलं तर ६० युरो दंड बसतो, हे त्याला सांगायचं माझ्याकडून राहून गेलं.

ही शिस्त मला मनापासून आवडते. पण तिला दानत म्हणायला जीभ वळत नाही, आणि त्याला कारण २०१६चा उन्हाळा.

त्या एप्रिलमध्ये मी सुट्टीवर लातूरला घरी होतो. मांजरा धरण कोरडं पडलेलं. पाण्याच्या टाक्यांजवळ भांडणं पेटू नयेत म्हणून जमावबंदी लावावी लागली होती. मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे १२ एप्रिलला आली, दहा वाघिणींत ५ लाख लिटर घेऊन. आणि शहर चार लाखांच्या घरातलं. आमचा बोअर पहाटे वीसेक मिनिटं चालायचा, मग नुसती हवा फेकायचा. गल्लीतल्या बायका घागरी घेऊन फाटकाशी उभ्या राहायच्या. तिसऱ्या दिवशी मी फाटकाला कुलूप घातलं. बोअर आमचा, लाइटबिल आमचं, घरात आजारी वडील. मी कुणाचं काही घेतलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे आईनं मोटार चालू केली आणि निळा पाइप फाटकाच्या गजांमधून बाहेर सोडला. आत ती, बाहेर कुठल्या गल्लीतली कोण जाणे, एक पोरगी, पाइपचं तोंड घागरीत धरून. आई मला एवढंच म्हणाली, "पाणी काय आपल्या बापाचंय का?" चावी तिनं मागितलीसुद्धा नाही.

दानत या शब्दात आपल्याला दान ऐकू येतं. मुळात तो अरबी 'दियानत', म्हणजे सचोटी, इमान. देणं त्यात मराठीनं मिसळलं. 'पैसा आहे, पण दानत नाही' असं आपण ज्याच्याबद्दल म्हणतो, त्यानं कायदा मोडलेला नसतो. पैठणच्या नाथांनी रामेश्वरासाठी आणलेली गंगेची कावड तहानेनं तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडी ओतली, असं आपण लहानपणापासून ऐकतो. ते तसेच पुढे गेले असते तरी त्यांना कुणी बोल लावला नसता.

मित्राचं एक म्हणणं मला पटतं. आईच्या पाइपवर शहर जगत नाही. टँकर ओळखीच्या दारात आधी रिकामा होतो, तिथे नियमच हवा, आणि तो कडक हवा. पण तेवढ्यावरून मराठवाड्यातल्या माणसांत गुणच उरला नाही असं तो म्हणतो, तेव्हा मला राग येतो. पेटीत दोन युरो टाकताना माझं काही जात नाही. आईच्या वीस मिनिटांतली दहा जायची, आणि मग दिवसभर ती भांडी राखेनं घासून फडक्यानं पुसायची.

येत्या रविवारी त्याला त्या कुलपाचं सांगणार आहे. इतकी वर्षं भोपळ्यांचंच सांगत आलो.