दिवा खरा होता, अंतर मनाचं होतं

रात्री आकाशात विचित्र दिवा दिसला असं कुणी सांगितलं की दोन जमाती लगेच जाग्या होतात. एक 'आले बघा परग्रहवासी'वाली आणि दुसरी 'किती घेतली होतीस?'वाली. मला दुसरीचा जास्त राग येतो. अहो, त्या माणसाने काहीतरी पाहिलेलं असतंच की!

घोळ होतो तो पुढच्या वाक्यात. "शंभर फुटांवरून गेला, आणि वेग तर विचारूच नका!" काळ्या आकाशातला एकटा ठिपका किती लांब आहे हे डोळ्यांना कळतच नाही. अंतर कळलं नाही की आकार नाही, वेगही नाही. तिन्ही आकडे आपण पदरचे घालतो.

मीही फसलोय. सूर्यास्तानंतर तासाभराने पश्चिमेला एक लखलखीत दिवा, चक्क वरखाली डुलणारा. दहा मिनिटं आ वासून बघत होतो. मग गच्चीतल्या टाकीला डोकं टेकवलं, एक डोळा मिटला आणि दिवा समोरच्या पाइपच्या कडेला लावून धरला. डुलणं बंद! शुक्र होता. आजूबाजूला काही आधार नसला की स्थिर ठिपकाही अंधारात हलताना दिसतो, ही आपली जुनी खोड. त्यात फोनने झूम करा. फोकस सुटला की त्याच शुक्राची गोल तबकडी होते, आणि पुढचं काम फॉरवर्डवाले करतात.

शुक्र सूर्यापासून साधारण ४७ अंशांपलीकडे जातच नाही. तेव्हा मध्यरात्री डोक्यावर काही चमकत असेल तर शुक्राला दोष देऊ नका.

मे २०१९ मध्ये स्पेसएक्स या अमेरिकन कंपनीने इंटरनेट पुरवणारे ६० स्टारलिंक उपग्रह एकदम सोडले, तेव्हापासून 'दिव्यांची आगगाडी' हा नवा प्रकार सुरू झाला. हे उपग्रह स्वतः उजळत नाहीत. आपल्याकडे अंधार पडला तरी काहीशे किलोमीटर वर ऊन असतं, ते त्यांच्यावरून परावर्तित होतं. म्हणून ते बहुतेक संध्याकाळी किंवा पहाटे दिसतात. आणि 'मधेच गायब झाला' म्हणतात ना, तेव्हा तो पृथ्वीच्या सावलीत शिरलेला असतो. मला तर हे परग्रहवासीयांपेक्षा भारी वाटतं.

उल्का एक-दोन सेकंदांत संपते. रॉकेटचा तुकडा वातावरणात जळत येतो तेव्हा सावकाश, तुटत, ठिणग्या सोडत जातो. ९ डिसेंबर २००९ ला नॉर्वेच्या आकाशात भलीमोठी निळी-पांढरी चकली उमटली होती. ते होतं बिघडलेलं रशियन बुलावा क्षेपणास्त्र.

मग सगळं सुटलं का? नाही. आकाशात दिसलेल्या अनोळखी गोष्टी तपासणाऱ्या अमेरिकन हवाई दलाच्या 'ब्लू बुक' प्रकल्पात १२,६१८ नोंदी झाल्या, त्यांतल्या ७०१ शेवटपर्यंत ओळखता आल्या नाहीत. पण 'ओळखलं नाही' आणि 'परग्रहावरून आलं' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. नॉर्वेतल्याच हेसडालेन खोऱ्यातले दिवे उपकरणं लावून तपासले गेलेत, तरी सर्वांना पटेल असं उत्तर अजून नाही. असू दे की.

पुढच्या वेळी व्हिडिओ काढाल तेव्हा एवढं करा: झूम करू नका, आणि चौकटीत छपराची कड किंवा झाडाचा शेंडा येऊ द्या. वेळ आणि दिशा लिहून ठेवा. हात लांब करून मूठ धरली की साधारण दहा अंश होतात, क्षितिजापासून किती मुठी ते मोजा. मग मला पाठवा, रात्री दोन वाजता पाठवलंत तरी चालेल.