पाळी म्हणजे शरीराची साफसफाई? छे!

'पाळीतून अशुद्ध रक्त निघून जातं. पूर्वीच्या बायकांना ती दर महिन्याला न चुकता यायची, म्हणून त्या ठणठणीत असायच्या. गोळ्यांनी पाळी थांबवली की घाण आतच साठते.' हा मजकूर मला तिसऱ्यांदा आला, तोही चांगल्या शिकलेल्या मैत्रिणीकडून.

आधी 'अशुद्ध रक्त'. पॅडवर दिसतं ते नेहमीचंच रक्त, सोबत गर्भाशयाच्या अस्तराचे तुकडे आणि चिकट स्राव. एका पाळीत साधारण 30 ते 40 मिलिलिटर रक्त जातं, म्हणजे दोन-तीन मोठे चमचे. शरीरातली घाण यकृत आणि मूत्रपिंडं काढतात, तीही रोज. शिवाय साफसफाईसाठीच पाळी असती तर गायी-घोड्यांनाही आली असती. ती येते माणसाला, वानरांना, बऱ्याच माकडांना, काही वटवाघळांना आणि काटेरी उंदराच्या एका जातीला. बहुतेक सस्तन प्राण्यांत गर्भाची चाहूल लागल्यावरच अस्तर त्याच्यासाठी तयार होतं. आपल्यात ही तयारी दर महिन्याला आधीच होते आणि गर्भ राहिला नाही की गळून पडते.

'दर महिन्याला न चुकता' हे तर साफ उलटं. पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशात डोगॉन जमातीच्या बायका पाळीत वेगळ्या झोपडीत राहायच्या. मानववंशशास्त्रज्ञ बेव्हर्ली स्ट्रासमन यांनी तिथल्या रात्रींची नोंद ठेवली, लघवीतल्या हार्मोन्सशी ती पडताळली. गर्भनिरोधकं नसलेल्या त्या समाजात हिशेब निघाला आयुष्यभरात सुमारे 100 पाळ्यांचा. बाकीची वर्षं गरोदरपणात आणि अंगावर पाजण्यात जायची. आज एक-दोन मुलं झालेल्या बाईला 400 च्या आसपास पाळ्या येतात. आणि त्या 'ठणठणीत' बायकांमध्ये बाळंतपणात गेलेल्या कुणी मोजल्या?

राहिल्या गर्भनिरोधक गोळ्या. त्यांनी अस्तर पातळच राहतं, मग साठणार काय? 28 गोळ्यांच्या पाकिटात बहुधा शेवटच्या 7 वेगळ्या रंगाच्या असतात, त्यांत हार्मोन नसतं. त्या आठवड्यातलं रक्त हार्मोन थांबल्यामुळे येतं, ती खरी पाळी नव्हेच. गोळ्यांनी अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका कमी होतो. पण रक्तात गुठळी होण्याचा धोका वाढतो, म्हणून पस्तिशीनंतर धूम्रपान करणाऱ्या बाईला त्या सहसा देत नाहीत.

या मजकुरात खऱ्याच्या जवळ जाणारी एकच गोष्ट आहे, तीही गोळ्या न घेणाऱ्यांची. पीसीओएसमध्ये, म्हणजे हार्मोन्सच्या एका बिघाडात, बऱ्याचदा अंडाशयातून अंडं सुटत नाही, पाळी महिनोन्‌महिने लांबते आणि अस्तर खरंच जाड होत राहतं. त्यातून पुढे कर्करोगही होऊ शकतो. तीन महिने पाळी चुकली तर तपासून घ्यायचं ते यासाठी, आणि त्यावर डॉक्टर बऱ्याचदा देतात त्याच या गोळ्या.