प्रत्येक खातं वेगळं, मग कॉमन काय? एका प्रतिक्रियेला उत्तर

सरकारी खात्यांच्या ऑनलाइन सेवांचे काही भाग एकदाच बनवून सगळ्यांनी वापरावेत (म्हणजे रीयुजेबल आर्किटेक्चर), असं माझं म्हणणं. त्यावर तुमचे मुद्दे दोन, एक म्हणजे प्रत्येक खात्याचा कायदा आणि मंजुरीची साखळी वेगळी असल्याने रीयुजेबल आर्किटेक्चर हे फक्त प्रेझेंटेशनपुरतं, आणि दुसरा की कॉमन सिस्टीम बंद पडली की सगळ्याच सेवा बंद.

पहिलं तर मलाही मान्य आहे, म्हणूनच मी अख्खं अ‍ॅप्लिकेशन शेअर करा असं म्हणतच नाहीये. जन्मदाखला आणि बांधकाम परवानगी यांची मंजुरी वेगळीच राहणार, पण एसएमएस पाठवणं, फी घेणं, कागद अपलोड करणं, अर्ज कुठे अडकलाय ते दाखवणं, यात खात्याखात्यात फरक तो काय? ब्रिटनचं गव्ह यूके नोटिफाय 2016 पासून हेच करतंय, ईमेल, एसएमएस आणि पत्रं पाठवायची, बस. खातं टेम्प्लेट (मजकुराचा साचा) बनवतं आणि एपीआय कॉल करतं, म्हणजे आपल्या सिस्टीममधून नोटिफायला पाठवायला सांगतं, मागचा कायदा कुठला याच्याशी नोटिफायला देणंघेणं नाही.

बंद पडण्याची भीती खरी आहे, पण ती डिझाइनवर ठरते. एस्टोनियाचं एक्स-रोड, म्हणजे संस्थांनी आपसात डेटा देण्याघेण्याची व्यवस्था, 2001 चं, त्यात मध्ये मोठा डेटाबेस नाहीच, प्रत्येक संस्थेचा डेटा तिच्याकडेच राहतो आणि दोन संस्थांचे सिक्युरिटी सर्व्हर (डेटाची सुरक्षित देवाणघेवाण करणारे संगणक) थेट एकमेकांशी बोलतात, त्यामुळे एक संस्था बंद पडली तरी बाकीच्यांचं चालू राहतं.

तुम्ही न विचारलेला प्रश्न मला जास्त सतावतो, तो नियमांचा. फी, वयाची अट, मुदत हे कोडमध्ये न लिहिता तारखेसकट डेटा म्हणून ठेवायचं, कारण फी बदलली तरी आधी आलेला अर्ज बहुतेक वेळा जुन्याच नियमाने निकाली काढावा लागतो. पण हे ताणलं की गडबड, प्रत्येक खात्याच्या हट्टापायी एक नवा फ्लॅग (चालू-बंद करायची सेटिंग) टाकत गेलं की ते कॉन्फिगरेशनच एक प्रोग्राम होऊन बसतं, ज्याला ना टेस्ट ना रिव्ह्यू, आणि मग तुम्ही म्हणता तेच खरं ठरतं. अशा वेळी सरळ वेगळं कोड लिहावं, कॉमनच्या नादी लागू नये.

आणि कॉमन आहे म्हणून कुणी वापरेलच असं नाही हेही खरं. ब्रिटनच्याच व्हेरिफाय या कॉमन लॉगिनमध्ये 2019 साली जेमतेम 48 टक्के लोकांची ओळख पटत होती, उद्दिष्ट 90 टक्क्यांचं, शेवटी 2023 मध्ये ते बंद झालं. पण म्हणून प्रत्येकाने आपापलं बनवायचं का? पेमेंटचंच घ्या, पैसे कापले गेले, पावती आली नाही, माणसाने घाबरून परत भरले, हे टाळायला प्रत्येक पेमेंटला एकच युनिक आयडी लागतो, तीच विनंती परत आली (रिट्राय) तरी दुसरी नोंद होऊ नये अशी सोय लागते, रोज बँकेशी ताळमेळ लागतो. हे एकदा नीट करायला चांगल्या टीमलाही वेळ जातो, आणि खातेनिहाय वेगवेगळं केलं तर कुठेतरी राहूनच जातं, त्याचा भुर्दंड बसतो तो फी भरणाऱ्याला.