ज्यांच्यावर मात्रा चालत नाही

होतकरू कवींनो, २७ फेब्रुवारी होऊन गेली, पण माझी कंबर अजून धरलेली आहे. नाशकात गंगापूर रोडवरच्या एका हॉलात कविसंमेलनाला दुपारी चारला जाऊन बसलो. नंबर ३८. रात्री साडेनऊला माझी कविता ऐकायला नऊ माणसं उरली होती. त्यातली दोन डेकोरेटरची पोरं, खुर्च्या एकात एक घालणारी. तेवढ्या वेळात पदरात पडलेलं ज्ञान तुम्हाला फुकट देतो.

हायकू सगळ्यात सोपा. ‘शुभ सकाळ’चा मेसेज घ्या आणि दोनदा एंटर मारा.

सुनीताला, म्हणजे सॉनेटला, म्हणे १४ ओळी लागतात. तुमच्या ४३ झाल्या तर तीन सुनीतं समजा, उरलेली ओळ श्रोत्यांना भेट.

अभंगात ६-६-६-४ अशी अक्षरं मोजत बसू नका. शेवटी ‘बंड्या म्हणे’ टाका आणि डोळे मिटा. हात आपोआप जोडले जातात.

यमकात ‘मन’ला ‘क्षण’ लावा, ‘क्षण’ला ‘पण’ लावा. यमकांच्या हौसेपायी वामनपंडिताला लोक ‘यमक्या वामन’ म्हणायचे. तुम्हाला तेवढंही म्हणायची कोणाची छाती नाही.

चेतनगुणोक्तीसाठी, म्हणजे निर्जीवाला माणसासारखं वागवायला, गंगेवर जा, म्हणजे आमच्या गोदावरीवर. त्या दिवशी अकरा कवितांत गोदामाई रडली. पाणवेलींनी गळ्यापर्यंत वेढलेली ती नदी खरंच रडत असेल, पण एकाही कवितेत पाणवेल नव्हती. चांदणं मात्र होतं.

आता गझल. हिला टाळ्या हमखास. प्रत्येक ओळीच्या शेवटी ‘आहे’ लावा, झाली गझल. बाविसाव्या नंबरच्या गृहस्थांनी हेच केलं. ‘गोदाकाठी पाऊस आहे, मनात तुझी आठवण आहे, टपरीवरचा चहा आहे.’ ‘दोन मिनिटं घेतो’ म्हणाले आणि १९ मिनिटं घेतली; त्यात मोबाइल वाजला, आणि कविता मोबाइलमध्येच असल्यामुळे पुढचा शेर सापडेना. चहाच्या वेळी मी त्यांना हळूच म्हणालो, “सर, ‘आहे’ हा रदीफ झाला, म्हणजे शेवटी तसाच परत येणारा शब्द. त्याच्या आधी काफिया, म्हणजे यमकाचा शब्द, लागतो. गार आहे, फार आहे, आधार आहे, असा. आणि ‘र’च्या आधीचा तो ‘आ’ बदलायचा नाही, ती अलामत. म्हणून तिथे ‘घर आहे’ चालत नाही.” त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “दादा, आमची मुक्तछंदातली गझल आहे. भावना बघा ना!”

मुक्तछंदातली गझल! अहो, उपवासाची मिसळ तरी परवडली, तिच्यात निदान साबुदाणा असतो. मतल्याच्या, म्हणजे पहिल्या शेराच्या, दोन्ही ओळींत काफिया-रदीफ, पुढच्या शेरांत दुसऱ्या ओळीत, सगळे शेर एकाच वृत्तात, आणि एवढं सांभाळून प्रत्येक शेर एकटा उचलला तरी पुरा वाटला पाहिजे. लोक एका काफियासाठी रात्र रात्र तळमळतात. सुरेश भटांनी ‘गझलेची बाराखडी’ लिहून ठेवली ती कोणासाठी? ती वाचायला नको, शाळेतलं ‘यमाताराजभानसलगा’ आठवायला नको, बोटावर लघु-गुरू मोजायला नकोत, पण पत्रिकेत नावाआधी ‘गझलकार’ पाहिजे! आणि हे सगळं कुसुमाग्रजांच्या जयंतीला, त्यांच्याच नाशकात! त्यांच्या ‘पृथ्वीचे प्रेमगीत’मधली पृथ्वी सूर्यामागे धावते ती भुजंगप्रयाताच्या चालीत, लघु-गुरू-गुरू, एका ओळीला १२ अक्षरं, पुढचीला ११, आणि मोजलेलं कुठे जाणवतही नाही. त्यांना काय भावना नव्हत्या?

मुक्तछंद लिहा की, अडवलंय कोणी? तोही सोपा नाही. कवी अनिलांनी मुक्तछंद रुजवला तो वृत्तं जमत नव्हती म्हणून नव्हे. नंतर त्यांनीच दहा ओळींची दशपदी घडवली. तुम्हाला नियम मोडायचा नाहीये, तुम्हाला तो माहीतच नाही. कंटाळा तुमचा आणि नाव भावनेचं! महिनाभर बसा, पाच शेर लिहा, दहादा खोडा, मग माइक धरा.

आणि स्वतःचं वाचून झालं की लगेच प्रमाणपत्र घेऊन, चपला शोधत मागच्या दाराने सटकू नका. बसा. पुढच्याचंही ऐका. बाविसाव्या नंबरचे साहेब चहाचा कप बाकावर ठेवून गेले ते गेलेच. माझ्या गझलेचा मक्ता, म्हणजे शेवटचा शेर, ऐकला तो डेकोरेटरच्या एका पोराने, हातात सहा खुर्च्या धरून, आणि “वा” म्हणाला तोही तोच.