गृहिणीला ‘पगार’ देण्याचा आदेश कोर्टाने दिलेला नाही

‘नवऱ्याने बायकोला दरमहा पगार द्यावा, सुप्रीम कोर्टाचा आदेश’ हा फिरणारा मेसेज चुकीचा आहे. ५ जानेवारी २०२१ चा तो निकाल अपघाताच्या भरपाईचा होता. दिल्लीत २०१४ साली दुचाकीवरचं जोडपं कारच्या धडकेत गेलं, मागे दोन चिमुकल्या मुली राहिल्या. गृहिणी असलेल्या आईचं उत्पन्न अंदाजाने धरताना त्यात पुढची वाढही धरायची का, असा वाद होता. कोर्टाने धरायला लावली. भरपाई द्यायची विमा कंपनीने. नवऱ्याचा इथे संबंधच नाही.

खरं तर निकालच वाचावा. स्वयंपाक, किराणा, म्हाताऱ्यांची देखभाल, गावाकडे पेरणी-कापणी, गुरंढोरं, सगळं त्यात नोंदलंय. घरकाम करणाऱ्यांत बायकांचे रोज सरासरी २९९ मिनिटं जातात, पुरुषांचे ९७, हा २०१९ च्या सरकारी पाहणीतला आकडाही आहे. तो फॉरवर्ड करा ना!