दोनदाती आरोपी

अक्षर चांगलं असणं हा पोलीस खात्यात गुन्हाच आहे. माझं होतं. त्यामुळे सत्तावीस वर्षांतली निम्मी नोकरी ठाणे अंमलदाराच्या टेबलावर गेली. माझी स्टेशन डायरी बघून एका साहेबांनी "लग्नपत्रिका लिहून देतोस का रे?" असं विचारलं होतं. त्याच हाताला आता एका बोटानं 'ज्ञ' शोधावा लागतो, आणि तो सापडेपर्यंत पुढचं अक्षर विसरायला होतं.

केंद्रानं २००९ साली सुमारे २००० कोटींची सीसीटीएनएस योजना मंजूर केली. देशभरातली पोलीस ठाणी संगणकाच्या एका जाळ्यात बांधायची, म्हणजे आपल्या हद्दीतला आरोपी आसामातल्या ठाण्यालाही दिसेल. आम्हाला आनंद झाला. आमच्या हद्दीतले आरोपी आम्हाला हद्दीत कधीच दिसत नसत. आसामात तरी दिसू देत. रजिस्टरं जातील असंही प्रशिक्षणात सांगितलं होतं. गेली नाहीत. उलट संगणकात काय काय भरलं, त्याचं आमच्याकडे एक नवं रजिस्टर सुरू झालं. तेही माझ्याचकडे. अक्षर चांगलं ना!

जुलै २०२४. आषाढीच्या बंदोबस्ताला निम्मं ठाणं पंढरपूरला गेलेलं, त्यात संगणकावर बसणारी आमची पोरगीही. आणि नेमकी भर दुपारी एक म्हातारी दारात उभी.

"माझा बोकड नेला रं कुणीतरी."

नवे फौजदारी कायदे १ जुलैलाच लागू झालेले. चोरी म्हटलं की माझा हात झोपेतही कलम ३७९ लिहायचा. आता तिथं ३०३(२). खुनाचं ३०२ उठून १०३ वर गेलं आणि नव्या ३०२ मध्ये धार्मिक भावना दुखावणारे येऊन बसले. त्यात आणखी एक मेख. पाच हजारांच्या आतली चोरी आता अदखलपात्र, म्हणजे कोर्टाच्या हुकमाशिवाय तपासच नाही.

"आजी, बोकडाची किंमत?"

"लेकरावानी वाढवला. लेकराची किंमत सांगत्यात व्हय?"

"पाच हजारांच्या वर का खाली, एवढंच सांगा."

"खाटीक नऊ म्हणत हुता. काठी घेऊन हाकलला त्याला."

दखलपात्र. मी सुटकेचा श्वास टाकला आणि एफआयआरचा फॉर्म उघडला. गुन्हा दाखल झाला की चोवीस तासांत तो संकेतस्थळावर चढवायचा, असा सुप्रीम कोर्टाचा २०१६ चा आदेश आहे. नाजूक गुन्हे तेवढे त्यातून वगळलेत. बोकड नाजूक प्रकारात बसतो का, हे मी पाहून घेतलं. बसत नाही.

घटनास्थळाची ठाण्यापासून दिशा व अंतर. "तीन मैल. वढ्याला पाणी असलं तर पाच." तक्रारीस विलंबाचं कारण. "यष्टी चुकली." इथवर बरं चाललं होतं. पुढे फिर्यादीचा पासपोर्ट नंबर, दिल्याची तारीख, दिल्याचं ठिकाण. शहाणा माणूस हा खाना सोडून पुढे जातो. पण मी रजिस्टरातला माणूस. रिकामा खाना दिसला की मला घास लागतो.

"पासपोर्ट आहे का आजी?"

तिनं कमरेची पिशवी सोडून रेशनकार्डावेळचा उरलेला फोटो पुढे केला. "ह्यो एकच हाय. परत दे."

तेवढ्यात लाईट गेली. बॅटरी बॅकअपनं एकदा कुईं केलं आणि मान टाकली. लाईट आली तेव्हा फॉर्म कोरा. आजीला पुन्हा पहिल्यापासून नाव विचारलं. "मघाशी सांगितलं तवा कुठं हुतास?" म्हणाली.

दुसऱ्या फेरीत तरीही आम्ही झपाट्यानं शेवटी पोचलो. तिथं संशयिताच्या शारीरिक वर्णनाचा तक्ता असतो. अंधारात कुणी पाहिलंय चोराला? 'अज्ञात' लिहून मोकळं व्हायचं. पण मी फक्त खाने वाचत गेलो आणि ती फक्त उत्तरं देत गेली.

"बांधा?"

"दांडगा."

"रंग?"

"काळा. कानावर पांढरा ठिपका."

"दात?"

"दोनदाती हाय."

"सवयी?"

"दिसंल ते खातो. बायामाणसावर धावून जातो."

बाई चोराला ओळखते! टाइप करता करता तपास संपल्याचाच आनंद मला झाला. चावडीमागचा एक उडाणटप्पू डोळ्यासमोरही आला. त्याचे दात मी मोजलेले नव्हते, इतकंच.

मग नियमाप्रमाणे सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. 'अज्ञात चोरट्याने लबाडीच्या इराद्याने, माझ्या संमतीशिवाय, स्वतःच्या फायद्याकरिता' इथपर्यंत आजी निर्विकार होती. वर्णन सुरू झालं तशी तिनं डोळ्याला पदर लावला.

"अगदी त्योच," म्हणाली. "हुबेहूब."

माझी फिर्याद मला वाचून दाखवली, ती माझे सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. खाली तिचा डाव्या हाताचा अंगठा. मी बटण दाबलं.

साहेबांनी संध्याकाळी बोलावलं. पडद्यावरून नजर न काढता बराच वेळ गप्प बसले. मग हळूच विचारलं, "आरोपीला दाढी आहे, ते ठीक. शिंगं कुठल्या खान्यात भरलीस?"

"शरीरावरील व्यंग, सर."

रात्री मी पुरवणी जबाब लिहायला घेतला. हातानं, शाईच्या पेनानं. अक्षर फार सुरेख आलं.