हरित विजेसाठी युनिटमागे जादा पैसे भरावेत का?

आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या घरात सध्या एकच विषय आहे: ऊन-वाऱ्यापासून केलेल्या विजेसाठी आपणहून जादा पैसे भरायचे का? मध्य गुजरात वीज कंपनीच्या २०२३-२४ च्या दरपत्रकात 'ग्रीन पॉवर टॅरिफ' होता, नेहमीच्या दरावर युनिटला दीड रुपया. घरगुती ग्राहकालाही घेता येतो, महिनाभर आधी लेखी कळवायचं. दर बदलत राहतात, चालू पत्रक बघून घ्या. महाराष्ट्रात २०२१ साली हाच जादा आकार ६६ पैसे ठरला होता. एवढा फरक का, हे मला अजून पटलेलं नाही.

ज्यांची स्वतःची गच्ची आहे त्यांनी या विचारात पडूच नये. सरळ सोलर बसवा, ३ किलोवॉटला केंद्राचं ७८,००० रुपये अनुदान आहे. आमचा वाडा चार वाट्यांचा. पुढे कौलं, मागे गंजलेला पत्रा, वरचा एक वाटा परदेशातल्या चुलत दिरांचा. गळणारी कौलं परतायला चार सह्या मिळत नाहीत, तिथे पॅनल कुठले बसवणार?

धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, आपल्या वायरीतून काय वेगळी वीज येणार आहे?" नाहीच येणार. कोळशाची, वाऱ्याची, उन्हाची, सगळी वीज ग्रीडमध्ये, म्हणजे तारांच्या सामाईक जाळ्यात, एकच होते. आपल्या युनिटांइतकी हरित वीज कंपनीने आपल्या नावावर लिहायची, आपण पैसे भरतो ते त्या हिशेबाचे. माझी खरी शंका त्या हिशेबाबद्दलच आहे. वीज कंपन्यांना ठरावीक टक्के वीज ऊन-वाऱ्यासारख्या स्रोतांतून घ्यावीच लागते, तसं कायद्याचं बंधन आहे. जी वीज त्या घेणारच होत्या तीच माझ्या नावावर टाकली, तर माझ्या जादा पैशांनी कच्छमध्ये एक पवनचक्कीसुद्धा वाढणार नाही. बंधनाच्या वर किती घेतली, कुठून घेतली, हे बिलावर छापून यायला हवं. पैसे देणाऱ्याचा तो हक्क आहे.

"हे सरकारचं काम," असंही दीर म्हणतात. सरकारने केलंय की. बडोद्यालगत नर्मदेच्या शाखा कालव्यावर सोलर पॅनल टाकले, जानेवारी २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे सरचिटणीस बान की-मून उद्घाटनाला आले होते. तो प्रकल्प १० मेगावॉटचा. आणि मही नदीकाठचं वणाकबोरीचं कोळशाचं वीजकेंद्र २,२७० मेगावॉटचं! खाली फाजलपूरला त्याच महीच्या पात्रातल्या विहिरींचं पाणी आपण पितो. हे आकडे शेजारी शेजारी ठेवल्यावर 'आपण कशाला' असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आमचं दोन महिन्यांचं बिल साधारण ४०० युनिटचं, म्हणजे २०२३-२४ च्या दीड रुपयाच्या दराने ६०० रुपये जादा. ग्रीडच्या युनिटमागे सरासरी ०.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड धरला तर २८० किलो होतो. सासूबाईंचं म्हणणं, "सहाशे द्यायच्या आधी एसी तासभर कमी लावा." बरोबरच आहे त्यांचं, आणि ते करायला कुणाची परवानगीही लागत नाही. पण फ्रिज, पंखे, पाण्याची मोटर बंद ठेवून कसं चालेल? त्या उरलेल्या युनिटांसाठी मला हे पैसे द्यायचे आहेत.

मीटर सासूबाईंच्या नावावर आहे, तेव्हा अर्जावर सही त्यांचीच. त्या तयार झाल्या आहेत, पण एका अटीवर: सोबत हिशेब मागणारं पत्रही जाईल, आणि वर्षभरात उत्तर आलं नाही तर बंद करायच्या अर्जावरही त्याच सही करतील.